दिव्यांग मूल १८ वर्षांचं झालं की पालकांना इतक्या कार्यालयांच्या चकरा का माराव्या लागतात?

अठरावा वाढदिवस म्हणजे मतदार यादीत नाव आणि गाडीचं लायसन्स. पण घरात स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं मूल असेल, तर अनेक पालकांना याच वाढदिवसाची धास्ती असते.

कारण त्या दिवशी दोन गोष्टी एकदम घडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण ६ ते १८ याच वयात. दुसरं म्हणजे, १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे मूल १८ व्या वर्षी सज्ञान होतं आणि आईवडील त्याचे कायदेशीर पालक उरत नाहीत. मुलाला सही करता येत नसली तरीही. मग बँकेत पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं जातं आणि जन्मापासून सांभाळणाऱ्या आईला प्रश्न पडतो, हे आता आणायचं कुठून?

शाळा असते तोवर विचारायला एक दार असतं. नंतर दारं वाढतात. महाराष्ट्रात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी तपासणी सरकारी रुग्णालयात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. कॉलेजात ५ टक्के राखीव जागा आहेत, तो विषय उच्च शिक्षण विभागाचा. नोकरीसाठी मार्गदर्शन करणारं दिव्यांगांचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र मुंबईत आहे, पण ते केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, तर साध्या शाळेत शिकणारी दिव्यांग मुलं शालेय शिक्षण विभागाकडे. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला खरा, पण रुग्णालय, तहसील आणि कॉलेज काही त्याच्या हाताखाली आले नाहीत. या सगळ्यांना जोडणारा माणूस म्हणजे फाईल काखेत घेतलेले पालक.

वेगवेगळ्या बाजूंची माणसं एका टेबलाशी बसवण्याची सोय एका कायद्यात मात्र आहे, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. त्यानुसार स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी पातळीचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या सज्ञान व्यक्तीसाठी ही समिती पालक नेमते. हे प्रमाणपत्र खातं उघडण्यासाठी चालतं, असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना कळवलेलं आहे. शाखेत कोणी कोर्टाचाच कागद मागितला तर हे सांगता येतं.

पण समितीने डोळे झाकून शिक्का मारायचा नसतो. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे तिने आधी पाहायचं असतं. नेमणूक झाल्यावर पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही. दुर्लक्ष किंवा गैरव्यवहार झाला तर पालकाला हटवता येतं.

अमेरिकेत हीच जुळवाजुळव शाळेच्या गळ्यात घातलेली आहे. तिथल्या विशेष शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थी १६ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या आराखड्यात शाळेनंतरच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार यावाच लागतो. बैठकीला विद्यार्थ्याला बोलवावं लागतं आणि संमती असेल तर पुढे सेवा देऊ शकणाऱ्या यंत्रणेलाही. ठरलेलं काम त्या यंत्रणेने केलं नाही, तर शाळेने पुन्हा बैठक घेऊन दुसरा मार्ग शोधायचा. २०१४ च्या एका कायद्याने तर राज्यांच्या व्यवसाय पुनर्वसन संस्थांना केंद्राच्या निधीतला किमान १५ टक्के हिस्सा अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायला लावला. अर्थात शाळा संपली की तिथेही हक्क संपतो आणि पात्रता, प्रतीक्षा यादी सुरू होते.

आपल्याकडे अशी बैठक बंधनकारक नाही. त्यामुळे दहावीच्या आसपासच यूडीआयडी कार्ड, आधार आणि बँक खातं लावून घेतलेलं बरं. वरच्या चार गटांसाठी 'निरामय' हा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

आणि आईवडील थकले तर? पालकत्वासाठी नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. भावंडांशी हे बोलणं बहुतेक घरांत राहून जातं.