पत्र गेले, स्थळप्रत राहिली

कचेरीतून पत्र पाठवणे हे पूर्वी दोघांचे काम असे. शिपाई टपाल घेऊन निघे. कारकून जावक बारनिशीत नोंद करी आणि स्थळप्रत फायलीला लावी. शिपाई काही कारकुनासाठी खोळंबत नसे. बारनिशी हा शब्द मराठेशाहीतला. त्या काळच्या सरकारी पत्रांवर 'बार सूद' असा शेरा दिसतो, म्हणजे पत्राची दप्तरात नोंद झाली. दप्तर जपले म्हणून तर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचे रियासतकार सरदेसाई 1930 नंतर पेशवे दप्तराचे 45 खंड काढू शकले.

ईमेल आली तेव्हा मात्र हा कारकून मागेच राहिला. रे टॉमलिन्सन यांनी 1971 साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले, ते पत्र पोचवण्यापुरते. पाठवणाऱ्याकडे नक्कल राहावी की नाही, हा त्या नियमांचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे 1986 मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होती. तेव्हाचे संगणक टेलिफोन लावून एकमेकांशी बोलत आणि साठलेली पत्रे देऊन-घेऊन फोन ठेवत. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमाकडून.

लांज्यात मी काही आंबा बागायतदारांचा पत्रव्यवहार पाहत असे. 2008 च्या पावसाळ्यात एका कचेरीला मुदतीच्या आत नुकसानीचा अर्ज ईमेलने पाठवला. महिन्याने उत्तर आले, अर्ज मिळालाच नाही. मी 'सेंट' फोल्डर उघडले, तर तेही रिकामे! चौदा जणांच्या सह्यांचा अर्ज, आणि तो गेल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. बागायतदार काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

पुण्याहून भाचा गणपतीला आला, तेव्हा उलगडा झाला. तो म्हणाला, "मामा, पत्र एका वाटेने जातं, नक्कल दुसऱ्या वाटेने." पत्र एसएमटीपीने निघते. मग तेच पत्र आयमॅपने पुन्हा सर्व्हरवर चढवून फोल्डरात ठेवावे लागते. आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला रचलेली पद्धत, आणि तिच्यातल्या या हुकुमाचे नाव 'अपेंड'. जीमेलसारख्या सेवा नक्कल आपणच ठेवतात. आमची सेवा तशी नव्हती. जोडलेल्या फोटोंसकट सगळा भार दोनदा वर जायचा. अर्ज गेल्यावर नक्कल चढत असताना लाइन तुटली असणार, किंवा कंटाळून मीच खिडकी बंद केली असेन. तसे मी करत असे.

भाच्याने पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. पत्र निघाले की नक्कल आधी आपल्याच संगणकावर एका खोळंबा-पेटीत पडते आणि मी पुढच्या कामाला मोकळा. स्क्रिप्ट मागच्या मागे सर्व्हरला हाक मारते. 'ओके' असे उत्तर आले तरच पेटीतली नक्कल पुसायची, नाहीतर थोड्या वेळाने पुन्हा हाक.

त्यात दोन खोड्या निघाल्या. सोमवारचे पत्र बुधवारी चढले तर सर्व्हर त्यावर बुधवार टाकी. म्हणून पाठवल्याची मूळ तारीख हुकुमासोबत द्यावी लागली. दुसरी खोडी म्हणजे नक्कल चढे, पण 'ओके' वाटेत हरवे. मग तेच पत्र दोनदा! आता स्क्रिप्ट आधी पत्राचा ओळखक्रमांक फोल्डरात शोधते.

अर्थात स्थळप्रत म्हणजे पोच नव्हे. समोरच्याला पत्र मिळाले, हे तिने सिद्ध होत नाही. पण आपण काय लिहिले आणि कधी, हे तरी ठाम सांगता येते. तो अर्ज आम्ही पुन्हा पाठवला; मुदत उलटली म्हणून परत आला. ही पोच मात्र रीतसर, कागदावर, टपालाने आली. ती मी फायलीला लावली आहे.