छावणीतला पोरगा, लॉ कॉलेजचा प्रिन्सिपॉल

मंडळी, १ जानेवारी जवळ आला की आपल्या कारेगाव-रांजणगाव पट्ट्यात पहिला प्रश्न एकच असतो, नगर रोडची वाहतूक कुठून वळवलीय? आणि दुसरा म्हणजे ग्रुपवरचा वाद. कोण जिंकलं, कोण हरलं. आज त्या वादात पडायचं नाही. आज त्या विजयस्तंभापुढे उभं राहिलेल्या एका वकिलाबद्दल लिहायचंय.

१ जानेवारी १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला आले तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करून जेमतेम साडेतीन वर्षं झालेली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ पुस्तिकेच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या बाजूने काम चालवून त्यांना सोडवलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती आपल्या शिरूरच्या छावणीतून. त्या काळी घोडनदीकाठी इंग्रजांचं मोठं ठाणं होतं. दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली, पुढे इंग्रजांनी खांब उभारला आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. त्यातली बावीस नावं ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची.

पण ज्या सरकारने ही नावं दगडात कोरली, त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. कारण काय, तर म्हणे ही लढाऊ जात नाही! पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली.

म्हणून बाबासाहेब कोरेगावला आले ते नुसतं फूल वाहायला नाही. कोर्टात आपण म्हणतो ना, विरुद्ध पार्टीच्या सहीचाच कागद सापडला, तसा तो खांब होता. तुम्हीच लिहून ठेवलंय की ही माणसं लढली, मग आता भरती का नाही? सरकारवर दबाव आणून ही बंदी उठवा, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं.

हा विषय त्यांच्या घरचाच होता. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, आणि सैन्याच्याच शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर. कंपनीच्या पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांना शिकवणं सक्तीचं होतं. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत, त्यांच्या घरात छावणीमुळे पाटी-पुस्तक आलं. भरती बंद झाली म्हणजे फक्त पगार बंद झाला नाही, शिक्षणाची ती वाटही बुजली.

बाबासाहेबांची स्वतःची नोकरीही लष्कराशी जोडलेली. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आल्यावर ते बडोदा संस्थानात गेले. महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून नेमणूक झाली असं चरित्रकार लिहितात. पद मोठं, पण शिपाई लांबून फायली टाकायचा आणि शहरात राहायला जागा मिळेना. अकराव्या दिवशी पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं.

मग तोच माणूस लंडनहून बॅरिस्टर होऊन आला. १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवू लागला आणि जून १९३५ मध्ये तिथेच प्रिन्सिपॉल झाला. २७ मे ला रमाबाई गेल्या होत्या. म्हणजे घरात दुःख ताजं असताना हे काम अंगावर घेतलं. १९३८ पर्यंत ते त्या पदावर होते. याच काळात, मार्च १९३७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा खटला हायकोर्टात त्यांच्या बाजूने लागला. वर्गात कायदा शिकवायचा आणि कोर्टात तो वापरून दाखवायचा, दोन्ही चालू होतं.

भरतीचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांना घेतलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता! खांबापुढे मांडलेलं म्हणणं मान्य व्हायला चौदा वर्षं लागली.

पुढे संविधानात सैनिकांचाही विचार झाला. कलम ३३ नुसार शिस्तीसाठी सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतात, पण त्या संसदेने कायदा करूनच. कुणा साहेबाच्या मर्जीवर नाही. बाबासाहेब कायदामंत्री असतानाच १९५० चा लष्कर कायदा आला.

आपल्याकडची कितीतरी पोरं पहाटे उठून भरतीसाठी रोडने पळतात. पळा, जरूर पळा. पण त्यासोबत वाचाही. नोटीस, जीआर, सातबारा, कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर, जे हातात येईल ते नीट वाचा. त्या खांबावरची नावं शंभर वर्षं सगळ्यांना दिसत होती. पुरावा म्हणून ती वाचली ती एका सुभेदाराच्या शिकलेल्या पोराने.

यंदा खांबापाशी गेलात तर गर्दीतून वाट काढा आणि ती नावं स्वतः वाचून या.