साबणाच्या वडीचा ठोकळा

दिवाळीची सुट्टी संपली की आमचे गुरुजी चौथीतल्या पाच-सहा पोरांची नावं घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्यापासून कंदील आणायचा." कंदील आणायचा म्हणजे स्कॉलरशिपला बसायचं. १९७२ साली त्यात माझं नाव होतं. मुलगे जेवून शाळेत यायचे आणि तिथंच घोंगडी अंथरून झोपायचे. मला रात्री नऊला वडील न्यायला यायचे. पहाटे गुरुजी पोरांना उठवून पाढे म्हणून घेत. मग घरी जाऊन आंघोळ, भाकरी आणि पुन्हा दहाची शाळा. या जादा तासांचा गुरुजींना एक पैसा मिळत नसे. पुढं भुदरगड तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळांत मी छत्तीस वर्षं शिकवलं आणि कंदील जाऊन ट्यूबलाइट आली, तरी तसेच जादा तास घेतले.

ही परीक्षा महाराष्ट्र राज्याहून जुनी. मुंबई राज्य असताना, १९५४-५५ मध्ये ती सुरू झाली. त्याआधीच्या पिढीत खेड्यातल्या पोरापुढं मोठी परीक्षा एकच, सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस शाळामास्तर होऊ शकायचा. माझे आजोबा 'फायनल पास' होते, गावात कुणाचं पत्र आलं की वाचायला त्यांनाच बोलावणं यायचं. फायनल झाली की बहुतेकांचं शिक्षण संपायचं. स्कॉलरशिपचं तसं नव्हतं, तिनं पुढची वाट उघडायची. चौथीला पूर्व माध्यमिक, सातवीला माध्यमिक. पुसेगाव, औरंगाबाद इथल्या शासकीय विद्यानिकेतनांत खेड्यातली हुशार मुलं याच परीक्षेतून निवडली जात. ज्या घरात सातवीनंतर पोरगं गुरांमागं जायचं, त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच म्हणायचं, "ह्याला शिकवू या."

पेपर तीन: भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. पहिल्या दोन्हींना पुस्तक होतं. बुद्धिमत्तेला काहीच नव्हतं. अशा चाचण्यांचा आपल्याकडचा इतिहास धारवाडकडून येतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या चाचण्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवल्या. पण तिथं एकेका मुलाला समोर बसवून प्रश्न विचारायचे असत. हजारो मुलांच्या लेखी पेपरात ती गोष्ट आली तेव्हा शिकवायची कशी, हे शिक्षकांचं शिक्षकांनीच शोधलं. गारगोटीत केंद्राच्या बैठकीला गेलं की चहाच्या वेळी तीच बोलणी: तू आरशाचं घड्याळ कसं सांगतोस? ठोकळ्याचं पोरांना कळतं का?

ठोकळ्याचं बहुतेकांना कळायचं नाही. कागदावर एकाच ठोकळ्याची दोन चित्रं असायची, तीन-तीन बाजू दिसायच्या, आणि विचारायचे: दोनच्या विरुद्ध बाजूला कोणता अंक? ज्या पोरांनी कधी सोंगट्यासुद्धा खेळल्या नव्हत्या त्यांना सपाट चित्रातली मागची बाजू कशी दिसावी? मी कपडे धुवायच्या साबणाची वडी आणून सुरीनं चौकोनी कापली आणि सहा बाजूंवर खिळ्यानं अंक कोरले. ठोकळा हातात फिरवून पोरं उत्तर काढायची. पंधरा दिवसांनी ठोकळा मी टेबलावर ठेवायची, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. महिन्यानं तो दप्तराच्या कपाटात जायचा आणि पोरं डोळे मिटून बोटं फिरवायची. बोटं थांबली की उत्तर आलेलं असायचं. छत्तीस वर्षांत शिकवताना मला जो आनंद झाला, त्यातला मोठा वाटा त्या थांबलेल्या बोटांचा आहे.

आरशाच्या घड्याळाला मात्र सगळ्या तालुक्यात एकच युक्ती होती. अकरा वाजून साठ मिनिटांतून खरी वेळ वजा करा. तीन वाजून वीस मिनिटं असतील तर आरशात आठ वाजून चाळीस. उत्तर बरोबर येतं, वेळही वाचतो. मीही तेच शिकवत होते. एकदा डोंगरावरच्या धनगरवाड्यातून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पण असं का होतं?" मला लगेच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घरचा दाढीचा आरसा आणला, पाटीवर घड्याळ काढलं आणि आरसा त्याच्या कडेला उभा धरला. मग मला म्हणाली, "बाई, डावीकडचा काटा उजवीकडं गेला. बाराच्या पुढं जेवढा होता, तेवढाच बारापासून मागं." वजाबाकीची सगळी युक्ती त्या एका वाक्यात होती. त्यानंतर मी आधी आरसा द्यायला लागले, युक्ती मागाहून.

ही मुलगी मी निवडलेल्या सहा जणांत नव्हती. जादा तासाला ती खिडकीपाशी उभी राहून ऐकायची.

इथं आमच्या तयारीची दुखरी बाजू सांगायलाच हवी. निकाल मोजायचे तो बसलेल्या मुलांवर. सहा बसवली आणि पाच पात्र ठरली की टक्केवारी चांगली दिसायची. वीस बसवली आणि आठ पात्र ठरली की तीच शाळा खाली जायची. मुलं खरं तर तीन जास्त पात्र झालेली असत. एका वरिष्ठांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "कच्ची पोरं कशाला भरता बाई?" त्या वर्षी मी वर्गातली सगळी मुलं भरली. चौदापैकी सहा पात्र झाली. धनगरवाड्याची मुलगी त्या सहांत होती. टक्केवारीबद्दल मला बैठकीत उभं करून ऐकवलं गेलं, पण त्यानंतर मी निवड कधीच केली नाही. भुदरगड, राधानगरी, कागल या तालुक्यांनी गुणवत्ता याद्यांत नाव मिळवलं, त्यामागं शेकडो शिक्षकांच्या पहाटे आहेत. त्या याद्यांचा मला अभिमान आहे. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या मुलांची यादी मात्र कुणी केली नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला. वार्षिक परीक्षा गेली, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, स्कॉलरशिप राहिली. प्राथमिकचा टप्पा पाचवीपर्यंत, उच्च प्राथमिकचा आठवीपर्यंत धरला गेला, म्हणून २०१६-१७ पासून परीक्षाही पाचवीला आणि आठवीला गेली. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा, खोडायची सोय नाही. कागदावर बदल एवढाच दिसतो. वाड्यांवरच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच्या. मूल पाचवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला गेलं की ज्या शिक्षकाला त्याची बोटं कुठं अडतात ते माहीत आहे, तो परीक्षेतून बाहेरच पडला. माझ्या शेवटच्या चार वर्षांत कपाटातला ठोकळा मी काढला तो नुसता खेळायला.

त्याच काळात दुसरीच एक परीक्षा आली. १३ नोव्हेंबर २०१७, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. देशभर तिसरी, पाचवी आणि आठवीची मुलं. आमची शाळा नमुन्यात निघाली. आधी काही आठवडे सराव प्रश्नपत्रिका मोबाइलवर येत होत्या, मी त्या फळ्यावर उतरवून घेत होते. त्या दिवशी बाहेरून आलेल्या अन्वेषकांनी तिसरीच्या नऊच्या नऊ मुलांना बसवलं. कच्चं-पक्कं कुणी विचारलं नाही. निकाल जिल्ह्याचा लागणार होता, कुणाचंही नाव पेपरात येणार नव्हतं. पोरं घरी जाताना विचारत होती, "बाई, आम्ही पास का?" मी सांगितलं, हा पेपर तुमचा नाही, आमचा होता.

आता स्कॉलरशिप पुन्हा चौथी आणि सातवीला आली आहे. मागच्या आठवड्यात वाडीवरच्या शाळेतल्या एका तरुण गुरुजींचा फोन आला. वर्गात अकरा मुलं आहेत, सगळीच बसवतोय म्हणाले. मग विचारलं, "बाई, साबण कापताना फुटतोय, काय करू?" मी सांगितलं, वडी रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सुरी गरम करून घ्या. अंक शेवटी कोरा, कडा आधी घासून.