पडद्यावरच्या पहिल्या चुंबनाची कुळकथा

२२ नोव्हेंबर १९६८ च्या रात्री अमेरिकेत एनबीसीवर ‘स्टार ट्रेक’चा एक भाग लागला. त्यात कॅप्टन कर्क आणि लेफ्टनंट उहुरा यांचं चुंबन होतं. विल्यम शॅटनर गोरे, निशेल निकोल्स कृष्णवर्णीय. टीव्हीवरचं पहिलं मिश्रवर्णीय चुंबन कोणतं, असं विचारलं की आजही बहुतेकांच्या ओठांवर हेच उत्तर येतं. ते चुकीचं आहे. या दृश्याचं कूळ शोधू लागलं की वाट लंडनला जाते, आणि तिथले पूर्वज या प्रसिद्ध वारसापेक्षा जास्त धीट निघतात.

ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये दंगल उसळली. वेस्ट इंडीजमधून पोटापाण्यासाठी आलेल्यांच्या घरांवर दगड पडले, माणसांना रस्त्यात गाठून मारलं गेलं. निमित्त झालं एका जमैकन नवऱ्याच्या आणि त्याच्या स्वीडिश बायकोच्या भांडणाचं. भांडण त्या दोघांचं होतं. पण गोरी बाई काळ्या माणसाबरोबर संसार करते हे ज्यांना सलत होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी तिलाच घेरलं.

यानंतर पाचच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९५९ ला, आयटीव्हीवरच्या ‘आर्मचेअर थिएटर’मध्ये टेड विलिस यांचं ‘हॉट समर नाइट’ हे नाटक दाखवलं गेलं. कामगारांपुढे समतेची बाजू लढवणाऱ्या युनियन पुढाऱ्याची मुलगी एका जमैकन तरुणाच्या प्रेमात पडते आणि बापाच्या तत्त्वांची परीक्षा त्याच्याच घरात सुरू होते. लॉइड रेकॉर्ड आणि अँड्रे मेली यांचं त्यातलं चुंबन आज सापडणाऱ्या सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी आहे.

कुळातलं सर्वांत तेजस्वी नाव मात्र त्यापुढचं. लॉइडचे भाऊ बॅरी रेकॉर्ड जमैकातून येऊन केंब्रिजला शिकले होते. त्यांचं ‘यू इन युवर स्मॉल कॉर्नर’ हे नाटक ग्रॅनडा वाहिनीने १९६२ च्या जूनमध्ये टीव्हीवर आणलं. केंब्रिजला निघालेला जमैकन मुलगा लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये आईकडे राहतो आणि एका गोऱ्या कामगार घरातल्या मुलीवर प्रेम करतो. आई व्यवसायात जम बसवलेली, कर्तबगार. तिला ही मुलगी आपल्या लेकाच्या तोलाची वाटत नाही. नकार काळ्या घरातून येतो, आणि रंगाच्या प्रश्नात वर्गाचा प्रश्न मिसळतो. प्रेम करणारे दोघं चुंबन तर घेतातच, पण या गोष्टी एकमेकांशी बोलतातही, एकमेकांना दुखावतात. हे सगळं लिहिणारा स्वतः त्या अनुभवातून आलेला होता, म्हणूनच त्यातला काळा नायक दयेचा विषय होत नाही. पुढे या नाटकाचा इतका विसर पडला, की ते पुन्हा लोकांसमोर यायला २०१५ साल उजाडलं.

१९६४ मध्ये ‘इमर्जन्सी वॉर्ड टेन’ या लोकप्रिय मालिकेत जोन हूली यांनी कृष्णवर्णीय डॉक्टर लुईझ माहलर साकारली. तिचं आणि एका गोऱ्या डॉक्टरचं चुंबन तिच्या खोलीत व्हायचं होतं. ते बागेत हलवलं गेलं. त्यानंतर तिला आफ्रिकेला धाडून सर्पदंशाने मारलं गेलं. नात्याचं पुढे काय करायचं, या अडचणीतून लेखकांनी स्वतःची सुटका करून घेतली.

अमेरिकेत तर १९६७ च्या जूनपर्यंत १६ राज्यांत मिश्रवर्णीय लग्न गुन्हा होता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे मोडीत काढले. मनं मागेच राहिली. एप्रिल १९६८ मधल्या एका कार्यक्रमात गोऱ्या गायिका पेटुला क्लार्क यांनी गाता गाता कृष्णवर्णीय गायक हॅरी बेलाफॉन्टे यांच्या हातावर हात ठेवला, तेवढ्यावर प्रायोजक क्रायस्लरचा अधिकारी हटून बसला. क्लार्क मागे हटल्या नाहीत. हाताला हात न लागलेली चित्रणं त्यांनी नष्ट करवली.

‘स्टार ट्रेक’चं चुंबन याच वर्षातलं. कथेत परग्रहावरचे लोक मनाच्या शक्तीने कर्क आणि उहुराला ते घ्यायला भाग पाडतात. दक्षिणेतली केंद्रं बिथरतील म्हणून वाहिनीला चुंबनाशिवायचं चित्रणही हवं होतं. निकोल्स यांनी पुढे सांगितलं, की शॅटनर यांनी त्या चित्रणात मुद्दाम डोळे तिरळे केले आणि ते वापरता येणार नाही अशी सोय केली. दोघा कलावंतांचं धैर्य खरं. पण कथेने दिलेली परवानगी सक्तीची होती, प्रेमाची नव्हे.

१९७५ मध्ये ‘द जेफरसन्स’ने टॉम आणि हेलन विलिस हे जोडपं प्रेक्षकांच्या घरात नेलं. हेलन झालेल्या रॉक्सी रोकर यांचा नवरा खऱ्या आयुष्यातही गोरा होता. इथे चुंबनाच्या पुढचं आयुष्य दिसलं: मुलं, शेजारी, टोमणे. २०१२ मध्ये आलेल्या ‘स्कँडल’मध्ये कृष्णवर्णीय ऑलिव्हिया पोप आपल्या गोऱ्या प्रियकराला, म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्षाला, पूर्वीचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांची गुलाम सॅली हेमिंग्ज यांची आठवण करून देते. दोघांच्या मध्ये इतिहास बोलतो, आणि नातं त्या बोलण्यातूनच समजतं.

‘ब्रिजर्टन’च्या २०२२ च्या पर्वात मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी लंडनच्या उमरावांत वावरतात, एडविनाला येणाऱ्या भाषांत मराठीचंही नाव येतं. ते ऐकताना मला आनंद झाला. सावळी नायिका प्रेमकथेच्या मधोमध असणं ही मोठी कमाई आहे. तरीही थोरली बहीण केट आणि तिचा गोरा प्रियकर अँथनी यांच्यात रंगाचा विषय जवळपास येतच नाही, आणि हे इंग्लंड तेच, ज्याची ईस्ट इंडिया कंपनी त्या काळात मराठी मुलूख गिळत होती.

माझ्या मते या कुळाचा मोठेपणा पहिलेपणात नाही. बॅरी रेकॉर्ड यांनी १९६२ मध्ये दोन प्रेमिकांना स्पर्शाचा आणि बोलण्याचा, दोन्ही हक्क दिले. नंतरच्या बऱ्याच मालिकांनी पहिला दिला आणि दुसरा राखून ठेवला. आज मिश्रवर्णीय जोडपं लिहिणाऱ्याने वारसा सांगायचा, तर तो त्या ब्रिक्स्टनच्या घराचा सांगावा.