प्रसूतिगृहांतील एक यादी

कल्याणांत बालपण गेलेल्या यमुनेस, म्हणजेच पुढील आनंदीबाई जोशी यांस, चौदाव्या वर्षीं पुत्र झाला. परंतु योग्य उपचारांअभावीं तो दहा दिवसांतच निवर्तला. त्या दुःखानेंच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निर्धार दृढ केला. १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांत पदवी मिळवितांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तोहि आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झालें. प्रश्न मात्र उरला.

त्या काळीं जाणता वैद्यच दुर्मिळ होता. पुढें गुणकारी औषधें आलीं, तरी माता दगावतच राहिल्या. कारण ऐन घाईंत जाणत्यासहि विसर पडतो. ह्यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २९ कलमांची एक यादी सिद्ध केली. बाई दाखल होतांच, प्रसूतीच्या अगदीं आधीं, नंतर तासाभरांत व घरीं जातांना, अशी चार वेळां ती पाहावयाची. रक्तदाब फार वाढून झटक्यांचें भय आहे, तर मॅग्नेशियम सल्फेट दिलें काय? मूल जन्मल्यावर मिनिटाच्या आंत मातेस ऑक्सिटोसिन टोंचलें काय? २०१० सालीं कर्नाटकांतील एका रुग्णालयांत ह्यांपैकीं सरासरी १० च गोष्टी घडत; यादी आल्यावर २५ घडूं लागल्या.

तथापि उत्तर प्रदेशांतील १२० केंद्रांवरील प्रयोगाचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां कामांत सुधारणा दिसली, पण मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाहीं. कागद आठवण देतो. औषधाचा सांठा, रक्त आणि कुशल हात तो आणूं शकत नाहीं. आनंदीबाईंच्या बाळापाशीं असा एक हातच नव्हता.