सकळ लिपी ते श्री-लिपी : मुक्त संशोधनपत्रिकांच्या दीर्घकालीन जतनाचा ऐतिहासिक विचार

ज्ञानाचे प्रकाशन आणि ज्ञानाचे जतन या दोन भिन्न क्रिया होत. मुद्रणयुगात पहिली घडली की दुसरी बहुतांशी आपोआप साधत असे. १८६७ मध्ये सुरू झालेले 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १९३७ मध्ये बंद पडले. तथापि त्याचे बांधीव खंड निरनिराळ्या ग्रंथालयांत राहिल्यामुळे अभ्यासकांना ते आजही पाहता येतात. इंटरनेटवर विनामूल्य प्रसिद्ध होणाऱ्या मुक्त संशोधनपत्रिकांबाबत मात्र हा क्रम तुटला. वाचक अंक वाचतो, पण प्रत ग्रंथालयात येत नाही. ती एकाच सर्व्हरवर असते आणि त्याचे भाडे थकले की सर्व अंक एकदमच नाहीसे होतात.

ही भीती काल्पनिक नाही. लाक्सो, मथायस व यान या संशोधकांनी २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून पूर्णतः लुप्त झालेल्या १७४ मुक्त संशोधनपत्रिकांची नोंद केली. बंद पडलेल्या आणखी सुमारे ९०० पत्रिका त्याच मार्गावर असल्याचेही त्यांनी दाखविले. यावरील उपाय स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ च्या सुमारासच 'लॉक्स' या प्रकल्पातून मांडला होता. एकाच मजकुराच्या प्रती अनेक ग्रंथालयांनी ठेवाव्यात, त्यांच्या संगणकांनी त्या वेळोवेळी परस्परांशी ताडून पाहाव्यात आणि बिघडलेली प्रत इतरांवरून दुरुस्त करावी, असे त्याचे तत्त्व आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास यात फारसे नवल वाटू नये. म्हाइंभटांचे मूळ 'लीळाचरित्र' खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवले व अनुयायांनी स्मरणातून त्याचे पाठ पुन्हा सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे मठामठांतून प्रती होत गेल्या आणि पाठभेदांसह का होईना, ग्रंथ टिकला. परंतु याच परंपरेचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या सुरक्षित होत्या, पण पंथाबाहेरच्या वाचकास त्या मुक्याच होत्या. १९१० च्या सुमारास वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे ते वाङ्मय अभ्यासाच्या कक्षेत आले. प्रत असणे आणि प्रत वाचता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

मराठी संशोधनपत्रिकांची खरी अडचण येथेच आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. तरीही २००० नंतरची अनेक वर्षे मराठी अंकांची जुळणी श्री-लिपी, कृतीदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्येच होत राहिली. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असतात. कृतीदेवमधील 'क' हा संगणकाच्या लेखी रोमन 'डी' असतो. फॉन्ट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असेल तर पान दिसते, पण शोधयंत्राला त्यातील एकही मराठी शब्द सापडत नाही. अशा फाईलच्या दहा ठिकाणी दहा प्रती ठेवल्या तरी ती आधुनिक सकळ लिपीच ठरते, आणि येथे तर लपविण्याचा हेतूही नव्हता!

वडसा (देसाईगंज) परिसराच्या संदर्भात या हानीचे स्वरूप स्पष्ट होते. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रमुख केंद्र असून नाट्यमंडळांची कार्यालये येथे आहेत. या रंगभूमीचा किंवा झाडीबोलीचा अभ्यास मोठ्या आंतरराष्ट्रीय पत्रिकांत क्वचितच येतो. तो येतो महाविद्यालयांच्या पत्रिकांत आणि चर्चासत्रांच्या विशेषांकांत. म्हणजेच जी सामग्री अन्यत्र कोठेही नाही, तीच सर्वांत असुरक्षित ठिकाणी आहे. शिवाय यांतील कित्येक पत्रिकांचा जन्म अध्यापकांच्या पदोन्नतीच्या गुणांकनातून झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका आपल्या यादीतून वगळल्या. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. यादीतील स्थानासाठी चालविलेल्या पत्रिकेचा खर्च यादीनंतर कोण सोसणार? वगळलेल्या पत्रिकांत सुमार लेखन पुष्कळ असेल, पण एखाद्या नाट्यमंडळाच्या संहितांची नोंद त्यातच असू शकते.

ग्रंथप्रदानाचा १९५४ चा कायदा मुद्रित ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवून झाला, त्यामुळे त्याचा येथे उपयोग नाही. 'ओपन जर्नल सिस्टिम्स' या विनामूल्य प्रणालीवर चालणाऱ्या, आयएसएसएन असलेल्या पत्रिकांना लॉक्सच्याच तत्त्वावरील 'पीकेपी' जतनजाळ्यात शुल्काविना सामील होता येते. महाविद्यालयांच्या आवाक्यातील हा मार्ग आहे. मात्र तत्पूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणून पीडीएफ-ए या जतनासाठीच्या प्रमाणित स्वरूपात ठेवावा लागेल. त्यासाठी जुळणीच्या मूळ फाईली हव्यात. त्या बहुधा डीटीपी केंद्रांच्या जुन्या संगणकांवर, पेजमेकरमध्ये आहेत. आणि पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ मधील आहे.