डोंगरावरची राखण

मुळशीत मोठी कुत्री हौसेनं कुणी पाळली नाहीत. मुळा-निळेच्या संगमावर टाटांचं धरण होऊ नये म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी धरण झालंच. भातखाचरं बुडाली, आमच्यासारखी घरं डोंगराला सरकली. तिथं गवळी धनगर आधीपासून म्हशी राखून होते. राखणीची कुत्री आम्ही त्यांच्याकडनंच आणली.

माझ्या लहानपणी एक कुत्री न् तिची तीन दांडगी पोरं होती. खायला नाचणीची भाकरी न् ताक. म्हशी रानात निघाल्या की कुत्री पुढं, पोरं मागं. रात्री गोठ्याच्या चारी अंगाला चौघं.

बिबट्या मानच धरतो, म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा. एका पावसाळ्यात मोत्याचा गळा चिघळला, म्हणून मी पट्टा सोडला. त्याच रात्री मोत्या गेला. वडील काही बोलले नाहीत. पट्टा धुऊन धाकट्याला बांधला.

१९७२च्या कायद्यानं बिबट्याला संरक्षण मिळालं, बरंच झालं. राखणदाराची नोंद मात्र कुठंच नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवला की आई पहिला घास कुत्र्यांना घालायची. आम्ही अजून घालतो. एक घास मोत्याच्या नावानं.